टिपणात शब्द सगळे आहेत, पण अर्थ उलटा लागतो? आधी क्रियापद शोधा

व्याख्यानाला जाता, तासभर मान खाली घालून लिहिता, चार पानं भरतात. दोन दिवसांनी वही उघडली की शब्द सगळे ओळखीचे असतात, पण वक्ता नेमकं काय म्हणाला ते सांगता येत नाही. कधी तर आठवतं ते बरोबर उलटं असतं. आमच्या वाचनालयात येणारी कॉलेजची मुलं, ग्रामसभेत स्वतःसाठी चार ओळी टिपून ठेवणारे गावकरी, प्रवचनाला वही घेऊन बसणाऱ्या बायका, सगळ्यांची तक्रार हीच. "माझा हात सावकाश चालतो" असं बहुतेक जण म्हणतात. हात सावकाश असतोच, पण दुखणं तिथे नाही असं मी आता खात्रीने सांगू शकते.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचे वृत्तांत मी बारा वर्षं लिहिते आहे. पहिली काही वर्षं मीही पानंच्या पानं भरत होते. मग एक चूक झाली, तिथून हा सगळा शोध सुरू झाला.

विषय होता खाजन शेती. बोलणारे गृहस्थ वयस्कर, त्यांचं सगळं आयुष्य बांधावर गेलेलं. खाडीचं खारं पाणी अडवून भात कसं काढतात ते त्यांनी तासभर फार सुंदर सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं कोंकणीत. माझ्या वहीत मानशीबद्दलची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराबद्दलची, ओळ अशी होती:

मानस – लाकडी दार – आपोआप – भरती – खारं पाणी – शेत

चार दिवसांनी वृत्तांत लिहायला बसले आणि या ओळीवरून मी लिहिलं की भरतीच्या वेळी मानशीचं दार आपोआप उघडतं आणि पाणी शेताकडे येतं. वृत्तांत वाचनालयाच्या फलकावर लागला. पुढच्या रविवारी ते गृहस्थ पेपर वाचायला आले, फलकापाशी थांबले, चष्मा वर करून वाचलं आणि मला हाक मारली. "भरतेवेळार मानस उगडली जाल्यार शेत खंय उरतलें गो बाय?"

मग त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांना टेकवून दाखवलं. भात उभं असताना बाहेरचं पाणी चढलं की ते दाराला चौकटीवर दाबतं, दार मिटतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आत साठलेलं पाणी आतून ढकलतं, दार उघडतं आणि पाणी खाडीत जातं. कोणी हात लावायचा नाही, सगळं पाण्याच्या जोरावर. ते रागावले नाहीत. पण मला फार लागलं. त्यांच्या गावचं शेंबडं पोरही बोललं नसतं असं वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं होतं.

त्या संध्याकाळी मी जुन्या वह्या काढल्या आणि पेन्सिलने एकच गोष्ट केली. प्रत्येक ओळीतलं क्रियापद अधोरेखित करत गेले. पान उलटत होते आणि पेन्सिल टेकायला जागाच सापडत नव्हती. नामं होती, विशेषणं होती, गावांची नावं होती, सनावळ्या होत्या. उघडतं, मिटतं, वाढलं, घटलं, दिलं, नाकारलं, यातलं जवळजवळ काही नव्हतं. "नाही" तर शोधून सापडेना.

तुम्हीही तुमचं एक जुनं पान घ्या आणि हेच करून बघा. दुखणं माझंच आहे की वेगळं, ते पाच मिनिटांत कळेल.

असं का होतं, त्याचं उत्तर आपल्या भाषेच्या घडणीत आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. कोंकणीतही तसंच. आपण लिहायला सुरुवात करतो ती वाक्याच्या पहिल्या शब्दापासून. वक्ता "मानशीचं लाकडी दार" म्हणाला की आपला हात "मानस, लाकडी दार" लिहायला लागतो. मी एकदा घड्याळ लावून मोजलं: न थांबता लिहिलं तर माझ्या हातून मिनिटाला बावीस-तेवीस शब्द होतात. सावकाश बोलणारा माणूसही याच्या चार-पाच पट बोलतो. म्हणजे हात तिसऱ्या शब्दावर असताना वाक्य संपलेलं असतं, आणि जो शब्द आपण ऐकला न ऐकला असा गेला तो नेमका शेवटचा, म्हणजे क्रियापद. पुढचं वाक्य सुरू होतं, आपण पुन्हा त्याच्या पहिल्या शब्दाला धावतो. तासभर हे चालतं. वहीत वाक्यांची डोकी जमा होतात.

नुसतं क्रियापद गेलं तरी एक वेळ चाललं असतं. पण मराठीत वाक्याच्या शेपटीला आणखी बरंच काही बांधलेलं असतं. "नाही", "नव्हे", "नये" तिथे येतात. "असं म्हणतात", "असा दावा केला जातो", "हे मला पटत नाही" हेही तिथेच. गावकारीवर, म्हणजे गावच्या जमिनीचा कारभार मिळून चालवण्याच्या गोव्यातल्या पद्धतीवर, बोलणाऱ्याचं हे वाक्य घ्या: "गावकारीची पद्धत पोर्तुगीजांनी इथे आणली, असा पुष्कळांचा गैरसमज आहे." पहिल्या शब्दापासून लिहिणाऱ्याच्या वहीत "गावकारी – पोर्तुगीजांनी आणली" एवढंच उतरतं. खरी गोष्ट याच्या उलट आहे. गावकारी आधीपासूनची, आणि १५२६ साली आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याच्या फोरालात, म्हणजे सनदेत, पोर्तुगीजांनी तिच्या चालत आलेल्या रीती लिहून काढल्या. आता कल्पना करा, एखादा विद्यार्थी हे टिपण परीक्षेत उतरवतो. त्याने लक्ष दिलं नाही असं कोण म्हणेल? त्याने जीव तोडून लिहिलं होतं.

उपाय सांगायला सोपा आहे, अंगवळणी पडायला मला तीन-चार व्याख्यानं लागली. वाक्य संपेपर्यंत पेन कागदावरून उचललेलं ठेवायचं. वाक्य संपलं की आधी क्रियापद लिहायचं, मग ज्याच्याबद्दल ते आहे ते. मानशीची ओळ आता मी अशी लिहीन:

मिटतं – मानस – भरतीला (बाहेरचं पाणी दाबतं)
उघडतं – ओहोटीला (आतलं ढकलतं)

शब्द आधीइतकेच आहेत, थोडे जास्तच. पण ही ओळ वर्षाने वाचली तरी शेतात खारं पाणी शिरणार नाही. नकार असेल तर मी "न" लिहून त्याला गोल करते, आणि तो गोल ओळीच्या सुरुवातीला, समासाला लागून. वक्त्याचं स्वतःचं मत नसून तो दुसऱ्याचं सांगत असेल तर सुरुवातीला "म्हणे". हा "म्हणे" फार कामाचा शब्द आहे, दोन अक्षरांत जबाबदारी कोणाची ते कळतं.

थांबायची भीती वाटते, हे मला माहीत आहे. थांबलो तर पुढचं निसटेल असं वाटतं. निसटतंच. तीन वाक्यांतली दोन निसटू द्या. चांगला वक्ता एकच गोष्ट दोन-तीन प्रकारे सांगतो, एकदा विधान करून, एकदा उदाहरणातून, एकदा आजीच्या आठवणीतून. तुम्हाला त्यातलं एक पुरतं. पेन उचललेलं असताना तुम्ही ऐकत असता, आणि कोणतं वाक्य घ्यायचं हे ऐकणाऱ्यालाच ठरवता येतं.

आता हाताच्या वेगाबद्दल, कारण तोही थोडा वाढवता येतो. शिरोरेषा सोडून द्या. मोडी लिपीत आधी पानावर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जात. रेघांची वही घेतली की ती आडवी रेघ तुम्हाला आयती मिळते, अक्षरं तिला लटकवत जायचं. मला याचा चांगला फरक जाणवला. पण एक धोका आहे, आणि त्यात मी सापडले आहे. भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक शिरोरेषेच्या तुटण्यावरच उभा आहे. रेघ गेली की "भात" आणि "मात", "धर" आणि "घर" सारखेच दिसतात. खाजन शेतीच्या वहीत भात हा शब्द किती वेळा येईल विचार करा. मी भ आणि ध यांच्या डोक्याला मुद्दाम मोठं वेटोळं काढते. तेवढा उशीर परवडतो.

लघुलेखन शिकावं का, असं एका मुलीने विचारलं. टंकलेखक-लघुलेखकाची नोकरी करायची असेल तर जरूर शिकावं, नुसत्या व्याख्यानांसाठी नको. हात बोलण्याइतका चालला तरी प्रत्येक शब्द उतरवायचा मोह वाढतो, आणि मग ते पुन्हा वाचून अर्थ लावायचं काम रात्री शिल्लक राहतंच.

लॅपटॉपचंही थोडं असंच. २०१४ साली पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा एक अभ्यास गाजला. लॅपटॉपवर लिहिणारे विद्यार्थी वक्त्याची वाक्यं शब्दशः उतरवतात आणि समजुतीच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात, असं त्यात दिसलं होतं. पुढे इतरांनी हाच प्रयोग करून पाहिला तेव्हा शब्दशः उतरवण्याची खोड पुन्हा दिसली, पण गुणांतला फरक तितका ठाम उरला नाही. म्हणून लॅपटॉप वाईट असं मी म्हणणार नाही. वेगाने टाइप होतं म्हणून थांबायचं विसरू नका, एवढंच.

ज्यांना इंग्रजीतून ऐकावं लागतं त्यांचं दुखणं थोडं वेगळं आहे, आणि आपल्याकडे अशी मुलं फार. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, घरात कोंकणी. फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा पहिल्या वर्षी वह्या घेऊन आला. "मावशी, वर्गात सगळं कळतं, घरी काहीच कळत नाही." त्याच्या वहीत ट्रान्झिस्टरच्या पानावर होतं: गेट व्होल्टेज, थ्रेशोल्ड, करंट. मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही, पण ही ओळ मी लगेच ओळखली. माझीच मानशीची ओळ होती ती. मी विचारलं, "अरे, थ्रेशोल्डच्या वर गेल्यावर करंट वाहतो की खाली असताना?" तो गप्प झाला. मग पुस्तक काढून म्हणाला, त्या जातीच्या ट्रान्झिस्टरात गेटचं व्होल्टेज थ्रेशोल्डच्या वर गेल्यावरच वाहतो.

इंग्रजीत क्रियापद लवकर येतं, नकारही लवकर येतो, मग त्याचं का निसटलं? आम्ही दोघं बसून शोधलं तेव्हा कळलं की तो ऐकता ऐकता मनात भाषांतर करत होता. इंग्रजी वाक्य ऐकायचं, त्याचं मराठी करायचं, मग लिहिताना शिक्षकांना आवडेल अशा इंग्रजीत परत न्यायचं. एका वाक्यासाठी डोक्याला दोन फेऱ्या. तेवढ्यात शिक्षक पुढच्या समीकरणावर.

त्याला मी सांगितलं, भाषांतर रात्री कर. वर्गात जो शब्द ज्या भाषेत कानावर पडला तो त्याच भाषेत, हवं तर देवनागरीत, जसाच्या तसा लिही. आणि शब्दांना जोडणारं क्रियापद तुझ्या तोंडात पहिलं येईल त्या भाषेत. त्याची पानं आता अशी दिसतात: "वाहता – करंट – गेट थ्रेशोल्डच्या वयर." निम्मं कोंकणी, निम्मं इंग्रजी, वर मराठी वळण. ती कोणाला दाखवायला तो आधी लाजत होता. टिपण हे स्वतःशी बोलणं आहे. घरी आपण जसं बोलतो तसं ते असलं तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

इंग्रजीत मात्र एक शब्द शेपटाला येऊन सगळं फिरवतो: "अनलेस". वाक्य पूर्ण झालं असं वाटतं आणि मग तो येतो. म्हणून तिथेही अर्धी मात्रा थांबायची सवय हवीच.

आकड्यांचं वेगळं सांगते, कारण तिथे भाषा पुन्हा तोच खेळ करते. मराठीत "सत्तावन्न" म्हणताना सात आधी येतो, पन्नास मागून. हात मात्र डावीकडून लिहितो, त्याला पाच आधी हवा. घाईत "सत्ता" ऐकताच सात लिहिला जातो आणि ५७ चे ७५ होतात. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांची तर दहाची चूक हमखास: "सत्तर" कानात घुमतं आणि ६९ ऐवजी ७९ उतरतात. त्यात आपले वक्ते एका वाक्यात साल इंग्रजीत सांगतात आणि क्षेत्रफळ मराठीत. आकडा पूर्ण ऐका, मनात एकदा म्हणा, मग लिहा. आकड्यापुढे तो कशाचा आहे ते लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. नुसता "१८३२" हा आकडा वहीत असून उपयोग नाही. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना त्या साली झाली, हे शेजारी असलं तर तो कामाचा. माझ्या जुन्या वहीत असे अनाथ आकडे पुष्कळ आहेत आणि त्यांचं आता काहीच करता येत नाही.

फोनवर रेकॉर्ड करण्याबद्दल: वक्त्याला विचारून करायला हरकत नाही, पण ते टिपणाच्या जागी ठेवू नका. दीड तासाचं व्याख्यान पुन्हा ऐकायला दीड तास लागतो, तो कोणी काढत नाही. देवळाच्या सभामंडपातल्या पंख्यांचा घरघराट आणि जून-जुलैत पत्र्यावरचा पाऊस तुमच्या आवडत्या वाक्यावरच नेमका येतो. रेकॉर्डिंगचा मी एकच उपयोग करते. एखादी गोष्ट महत्त्वाची वाटली पण निसटली, तर समासात घड्याळातली वेळ लिहून ठेवते: ६:४२. रात्री तेवढंच मिनिट ऐकायचं.

आणि रात्रीचं बसणं टाळू नका. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेल्या पाठांतराच्या प्रयोगांतून दाखवलं की विसरण्याचा वेग पहिल्या तासांत सर्वात जास्त असतो, पुढे तो मंदावतो. त्यांनी अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली होती, ऐकलेलं व्याख्यान तितक्या झपाट्याने जात नाही. पण त्याच रात्री आणि चौथ्या दिवशी, यांतला फरक मी स्वतः अनुभवला आहे. मानशीची ती ओळ मी त्याच रात्री वाचली असती तर ते तळहात आठवले असते.

कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी शिकवलेली पानाची मांडणी मी यासाठी वापरते, थोडी बदलून. पानाच्या डाव्या बाजूला तीन बोटं रुंद पट्टा सोडते, आणि सभागृहात तिथे गोल केलेला "न", "म्हणे" आणि वेळ याखेरीज काही लिहीत नाही. रात्री जेवणं आटोपली की वीस मिनिटं बसते. प्रत्येक ओळ वाचून डावीकडे एक प्रश्न लिहिते: "दार कधी मिटतं?" उजवीकडच्या ओळीतून उत्तर मिळालं तर पुढे. मिळालं नाही तर ती ओळ अर्धवट आहे. आठवत असेल तर तेव्हाच पुरी करते. आठवत नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह काढून सोडते, अंदाजाने काही भरत नाही. त्या वृत्तांतात मी अंदाजाने भरलं होतं.

हे सगळं करूनही काही वक्त्यांपुढे इलाज चालत नाही. वाक्य सुरू करून मध्येच दुसऱ्या वाक्यात शिरणारे, क्रियापदापर्यंत कधी पोचतच नाहीत असे. अशा वेळी लिहिणं बंद करून ऐकत बसते आणि संपल्यावर तीन ओळी लिहिते. ग्रामसभेत एकाच वेळी चौघे बोलू लागले की तेच. कोण काय म्हणालं ते जाऊ दे, ठरलं काय, एवढं शेवटी विचारून घ्यावं. उभं राहून "म्हणजे नक्की काय ठरलं, मंजूर की नामंजूर?" असं विचारायला संकोच वाटतो, पण मी विचारलं तेव्हा शेजारच्या पाच जणांनी माना डोलावल्या.

प्रश्नचिन्हं उरतात त्यांचं काय? व्याख्यान संपल्यावर आमच्याकडे चहा असतो. वक्त्याभोवती गर्दी होते, फोटो होतात. मी वही उघडी ठेवून जवळ जाते आणि एकच गोष्ट विचारते, तीही हो-नाहीत उत्तर येईल अशी: "भरतीला मिटतं ना?" तेवढ्यासाठी कोणीही थांबतं. ते खाजनवाले आजोबा पुढच्या वर्षी पुन्हा बोलायला आले होते, या वेळी बांध फुटल्यावर काय करतात यावर. चहाचा कप हातात घेऊन त्यांनीच माझी वही मागितली, पहिलं पान बोटाने वरून खाली वाचत आणलं आणि एका ओळीवर थांबून म्हणाले, "हांगा 'ओहोटीक' बरय." मी लिहिलं.